गावकीचे पाप : प्रस्तावना

रानात एक प्रेत सापडते. मारेकरी कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी काय करायचे, याचा नियम जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. वडीलजनांनी आणि न्यायाधीशांनी येऊन प्रेतापासून आसपासच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल, तिथल्या वडीलजनांनी मानेवर कधी जू न ठेवलेली एक कालवड घ्यायची आणि जिथे नांगर लागलेला नाही अशा वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात न्यायची. तिथे तिची मान मोडायची आणि तिच्यावर आपले हात धुवायचे. हे रक्त आमच्या हातून सांडलेले नाही, आम्ही ते सांडताना पाहिलेलेही नाही, असे सांगून सगळ्या लोकांसाठी क्षमा मागायची.

गावकऱ्यांवर इथे कुणाचा संशय नाही, तरी गाव मोकळे होत नाही. हात धुतल्याशिवाय त्याची सुटका नाही, आणि हात धुवायचे तर आधी अंतर मोजू द्यावे लागते. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’ या यहूदी ग्रंथात रब्बींनी या नियमाची चर्चा केली आहे. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. गावच्या वडीलधाऱ्यांनी खून केला, असे कुणाच्या मनात तरी येईल का? मग त्यांनी हात का धुवायचे? रब्बींचे उत्तर असे, की हा माणूस आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला उपाशी पाठवले किंवा वाटेत सोबत दिली नाही, असे घडलेले नाही, याची ग्वाही ते देत असतात. म्हणजे चौकशी खुनाची राहिली नाही, गावाच्या वागणुकीची झाली.

प्रस्तुत संग्रहाचा विषय याच मुलखातला आहे. करणारा एकटा असतो आणि भार सगळ्यांवर पडतो, असे पाप बायबलमध्ये जागोजागी भेटते. त्याहून अवघड आहे ते कुणा एकाचे म्हणून दाखवताच न येणारे पाप. ते रिवाजात, बाजारभावात, न्यायदानात आणि देवळाच्या कारभारात मिसळलेले असते. या दोहोंचा विचार बायबलने कसा केला, पुढच्या दोन हजार वर्षांत ख्रिस्ती विचारवंतांनी त्याचे काय केले आणि मराठी मंडळ्यांनी त्यातले काय घेतले नाही, असा या लेखांचा पल्ला आहे.

मराठी वाचकाच्या वाटेत सुरुवातीलाच दोन धोंडे आहेत. करावे तसे भरावे, ज्याचे कर्म त्याच्यापाशी, हा हिशेब आपल्या हाडीमांसी इतका खिळला आहे की ख्रिस्ती घरांतही पाप म्हटले की जो तो आपल्यापुरती वही उघडून बसतो. दारू, खोटे बोलणे, परस्त्री, फार तर दशमांश चुकवणे. आपल्या उपदेशपीठांवरून वर्षानुवर्षे हीच यादी ऐकू येते. दुसरा धोंडा याच्या अगदी उलट बाजूचा आहे. एकाच्या वागण्यापायी सगळ्या घराने भोगायचे म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या हकिकती इतक्या साचल्या की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून ज्याच्या घरचे पाणी तुटले, त्याला ‘समुदायाचे पाप’ हे शब्द ऐकूनच धडकी भरली तर नवल नाही. ही धडकी रास्त आहे. ती बाजूला सारून लिहिलेले पुस्तक माझ्या मते कुचकामी ठरले असते.

आता मुळाकडे जाऊ. इब्री शास्त्रात या विषयाचे तीन प्रवाह सहज ओळखता येतात. एक याजकांचा, दुसरा इतिहासकथनाचा, तिसरा संदेष्ट्यांचा. पापाविषयी त्यांचे सगळे एकमत नाही, आणि ते बळेच घडवून आणण्याचा मोह टाळावा.

याजकांच्या लेखी पाप कृत्याबरोबर संपत नाही, मागे उरते. ते पवित्रस्थानाला चिकटते, जमिनीत उतरते. ‘लेवीय’मध्ये अशा विटाळलेल्या भूमीला रहिवासी पोटात ठेववत नाहीत, ती त्यांना ओकून टाकते. या पुस्तकाचा चौथा अध्याय बहुतेक वाचक कंटाळून उलटतात, पण तिथली बारीक मांडणी पाहण्याजोगी आहे. नकळत घडलेल्या पापासाठी कोणी काय अर्पण करायचे, याच्या तिथे पायऱ्या आहेत. अभिषिक्त याजकासाठी गोऱ्हा आणि सगळ्या मंडळीसाठीही गोऱ्हाच. अधिपतीसाठी बकरा. साध्या माणसासाठी बकरी किंवा मेंढी. अधिपतीच्या आणि साध्या माणसाच्या अर्पणाचे रक्त अंगणातल्या वेदीपर्यंतच जाते. याजकाचे आणि मंडळीचे मात्र आत, पडद्यापर्यंत न्यावे लागते. मोठ्याच्या आणि सर्वांच्या पापाचा डाग अधिक आतवर पोचतो, असा याचा अर्थ. ‘लेवीय’वर तीन खंडांचे भाष्य लिहिणारे जेकब मिलग्रोम यांनी पवित्रस्थानाची तुलना ऑस्कर वाइल्डच्या कादंबरीतील डोरियन ग्रेच्या तसबिरीशी केली होती. पाप करणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, सगळे त्या तसबिरीवर उमटत जाते. समाजाची पापे अशीच पवित्रस्थानात साठत राहिली तर एक दिवस देव तिथे राहणार नाही, ही याजकांची खरी भीती होती. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, सगळे झाडून काढण्याचा विधी तिच्यातूनच आलेला आहे.

इतिहासकथनात हा विषय अधिक रक्तबंबाळ होतो. यरीहो पडल्यावर लुटीला हात लावायचा नाही, असा हुकूम असतो. आखान नावाचा माणूस शिनारचा एक सुंदर झगा, दोनशे शेकेल चांदी आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट तंबूत पुरून ठेवतो. पुढे आय या लहानशा नगरावर चाल करून गेलेले इस्राएली मार खातात आणि त्यांची छत्तीस माणसे पडतात. चिठ्ठ्या टाकत वंश, कूळ, घराणे असे करत शोध आखानापर्यंत येतो. तो कबुली देतो. मग त्याला त्याच्या मुलामुलींसह, गुराढोरांसह अखोरच्या खोऱ्यात नेऊन ठार केले जाते. रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगताना मुलामुलींचा उल्लेख हळूच गाळतात. या संग्रहात तो गाळलेला नाही. दावीद राजाच्या शिरगणतीचीही तीच कथा. गणती राजाने करवली आणि मरीने सत्तर हजार माणसे मेली. मात्र तिथे दावीद स्वतःच देवाला विचारतो, की अपराधी मी, या मेंढरांनी काय केले? हा प्रश्न शास्त्राच्या पोटातूनच उठलेला आहे, ही गोष्ट महत्त्वाची.

उलट बाजूचा नियमही त्याच शास्त्रात आहे. बापाच्या अपराधासाठी मुलाला आणि मुलाच्या अपराधासाठी बापाला देहदंड देऊ नये, असे ‘अनुवाद’चा चोविसावा अध्याय सांगतो. आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना शिक्षा देताना अमस्या राजाने त्यांच्या मुलांना सोडले ते याच नियमामुळे, अशी नोंद ‘राजे’मध्ये आहे. बाबेलच्या बंदिवासात लोक एक म्हण वापरू लागले होते. आंबट द्राक्षे खाल्ली बापांनी आणि दात आंबले मुलांचे, अशा अर्थाची. ही म्हण इस्राएलात यापुढे चालणार नाही, असे यहेज्केलाने बजावले.

यावरून एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी एक सोयीस्कर चढण आखली. आधी माणसे टोळीच्या मनाने विचार करीत, नंतर व्यक्ती जागी झाली, आणि यहेज्केल हे त्या जागृतीचे शिखर. एच. व्हीलर रॉबिन्सन यांनी १९३० च्या दशकात ‘सामूहिक व्यक्तिमत्त्व’ अशी कल्पना मांडली. प्राचीन इस्राएलला माणूस आणि त्याचे कूळ यांत सीमारेषाच दिसत नसे, असे तिचे सार. १९७० मध्ये जॉन रॉजरसन यांनी दाखवून दिले की ही कल्पना तेव्हाच्या मानववंशशास्त्रातल्या जुनाट समजुतींवर उभी आहे. पुढे जोएल कामिन्स्की यांनी १९९५ च्या ग्रंथात मांडले की दोन्ही विचार अखेरपर्यंत शेजारी शेजारी नांदतात, एकाने दुसऱ्याला हुसकावलेले नाही. मला हेच पटते. आंबट द्राक्षांची म्हण मोडीत काढणारा यहेज्केल तीनच अध्यायांनंतर तलवार नीतिमान आणि दुष्ट दोघांनाही कापील, असे सांगतो. त्याला विसंगती कळत नव्हती, असे मानण्यापेक्षा वेढा पडलेल्या शहरात काय घडते हे त्याला ठाऊक होते, असे मानणे बरे.

संदेष्ट्यांकडे आले की पाप ओळखीचे कपडे घालून समोर येते. तकोवाचा आमोस बोलतो खोट्या मापांविषयी, भुशासकट विकलेल्या धान्याविषयी, जोड्याच्या किमतीला विकल्या गेलेल्या गरिबाविषयी. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या राज्यात तो हे बोलला, आणि तेही बेथेलच्या राजमान्य देवळात. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर यशयाने त्याच शतकात तोंड सोडले. पण पाप समाजाच्या अंगात कसे उतरते, याचा सगळ्यात नेमका तपशील मला नाबोथाच्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत सापडतो. अहाब राजाला राजवाड्याजवळचा मळा भाजीपाल्यासाठी हवा असतो. नाबोथ वडिलोपार्जित वतन द्यायला तयार होत नाही. राजा रुसून तोंड फिरवून झोपतो. पुढचे काम ईजबेल राणी कागदोपत्री करते. राजाच्या नावाने पत्रे लिहिली जातात आणि त्यांवर राजमुद्रा उठते. ती इज्रेलच्या वडीलजनांकडे आणि सरदारांकडे रवाना होतात. उपास जाहीर होतो, सभा भरते, कायद्याला लागतात तितके, म्हणजे दोन साक्षीदार उभे राहतात, आरोप होतो, दगडमार होते, आणि काम झाल्याचा निरोप परत जातो.

या गोष्टीत खुनी कोण? ईजबेल, हे उत्तर सोपे आहे. पण वडीलजनांपैकी एकानेही पत्र परत पाठवले नाही. मुद्रा खरी होती, साक्षी दोन होत्या, उपासाचा दिवस पाळला गेला. प्रत्येकाने आपापले काम चोख केले. मरणाऱ्याच्या मागे त्याच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढावे इतक्या बिनबोभाटपणे मळा राजाकडे गेला. संदेष्टा एलीया जाब विचारतो तो राजाला, पण कथाकाराने वडीलजनांची नोंद करून ठेवली आहे. इज्रेलमध्ये कुणी पापी माणसे गोळा केलेली नव्हती. होती ती नेहमीचीच मंडळी, हुकुमाची ताबेदार.

बंदिवासानंतरच्या लेखनात एक नवी गोष्ट दिसते, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. एज्रा, नहेम्या आणि दानीएल या तिघांच्याही नावाने लांबलचक पापकबुलीच्या प्रार्थना येतात, आणि तिन्ही ‘आम्ही’ या शब्दावर उभ्या आहेत. ज्या पापांची कबुली दिली जाते ती प्रार्थना करणाऱ्याने बहुधा केलेलीच नाहीत. काही तर त्याच्या जन्माआधीची आहेत. दानीएलावर तर त्याच्या शत्रूंनाही ठपका ठेवता आला नव्हता. तरी तो ‘त्यांनी’ म्हणत नाही. नहेम्याने तर पुढे व्यवहारात हे करून दाखवले. यरुशलेमेचा तट बांधताना गरिबांनी तक्रार केली, की राजाचा कर भरायला शेते, मळे, घरे गहाण पडली आणि मुली दासी म्हणून गेल्या. त्याने उमरावांना फैलावर घेतले, पण त्याच दमात कबूल केले, की मी आणि माझे भाऊदेखील या लोकांना पैसे आणि धान्य उसने देतो. शेते आणि घरे परत करा, शेकडा एक व्याज सोडा, असे त्याने सांगितले. नुसत्या होकारावर विसंबला नाही, याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली.

समुदायाच्या पापाची भाषा बायबलमध्ये सर्वांत खरी वाटते ती कबुली देणाऱ्याच्या तोंडी. आरोप करणाऱ्याच्या तोंडी तीच भाषा फार लवकर नासते. ‘आम्ही’ म्हणणारा कोण, हा प्रश्न आधी विचारावा आणि मग सिद्धान्ताकडे वळावे. हे एक सूत्र हाती धरले तर पुढची सगळी भांडणे निदान समजू तरी लागतात.

नव्या करारात येशू एका जागी धागा तोडतो. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून जास्त पापी होती का, असा प्रश्न करून तोच नाही म्हणतो. जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, की पाप याचे की याच्या आईबापांचे? तेही तो उडवून लावतो. दुःख दिसले की पापी हुडकण्याची सवय त्याला मान्य नाही. पण कफर्णहूम, खोराजिन, बेथसैदा अशा गावांना गावे म्हणून तो धारेवर धरतो. जक्कय जकातदार लुबाडलेले चौपट परत करायला निघतो, तेव्हा तारण त्याच्या सगळ्या घराला मिळाले असे येशू म्हणतो. करिंथच्या मंडळीत पोटभरले आधी जेवतात आणि उशिरा येणारे उपाशी राहतात, म्हणून पौल तिथल्या प्रभुभोजनालाच प्रभुभोजन म्हणायला नकार देतो. हा उतारा आपल्याकडे व्यक्तीने मन तपासावे एवढ्यापुरता वाचला जातो. मूळ तक्रार पंगतीतल्या भेदाची आहे, आणि पंगतीतला भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये.

पौलाच्या रोमकरांस पत्रातील आदामाविषयीच्या ओळींनी पुढे मोठे वादळ उठले. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन आणि पेलाजियस यांचा वाद झाला. आदामाचे पाप सगळ्या मानवजातीत उतरले, हे ऑगस्टीनचे म्हणणे पश्चिमेत टिकले आणि ४१८ च्या कार्थेज धर्मपरिषदेने पेलाजियसची मते नाकारली. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मृत्यू आणि ऱ्हास वारशाने येतात असे मानले, अपराध वारशाने येतो असे मात्र मानले नाही. गमतीची गोष्ट अशी, की सर्वांना एका पापात बांधणाऱ्या या शिकवणीने समाजातल्या ठोस पापांची चर्चा काही वाढवली नाही. सगळेच सारखे पापी म्हटल्यावर सावकार आणि कूळ एका रांगेत बसतात. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी याजकापुढे पापकबुली सक्तीची केली, आणि पाप कानात सांगण्याची बाब झाली. धर्मसुधारकांनी ती सक्ती काढली, तरी लक्ष राहिले एकेकट्या आत्म्यावरच.

हे पारडे फिरायला कारखाने यावे लागले. न्यूयॉर्कच्या ‘हेल्स किचन’ या दरिद्री वस्तीच्या कडेला असलेल्या जर्मन बॅप्टिस्ट मंडळीत वॉल्टर राउशेनबुश १८८६ मध्ये पाळक म्हणून गेले. मुलांच्या अंत्यविधींनी त्यांना हलवून सोडले. १९०७ आणि १९१७ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनी मांडले, की पाप पिढ्यान्‌पिढ्या उतरते ते रक्तातून कमी आणि संस्थांमधून जास्त. राइनहोल्ड नीबूर यांनी डेट्रॉइटमध्ये मोटारकामगारांमध्ये तेरा वर्षे पाळक म्हणून काढली होती. संस्था सुधारता येतील या आशावादाला १९३२ मध्ये त्यांनी चिमटा काढला. एकेकटा माणूस थोडाफार निःस्वार्थी होऊ शकतो, त्याचा गट जवळजवळ कधीच होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. कोलंबियातील मेडेलिन इथे १९६८ मध्ये लॅटिन अमेरिकेच्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी अन्याय्य व्यवस्थेलाच पापाची स्थिती म्हटले, आणि गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या १९७१ च्या पुस्तकाने त्या विचाराला मुक्तीच्या ईश्वरविद्येचे नाव मिळवून दिले. व्हॅटिकनने १९८४ मध्ये सावध केले, की पाप आधी माणसाच्या हृदयात असते, रचनेवर ढकलून मोकळे होता येणार नाही. तीनच वर्षांनी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘पापाच्या रचना’ हा शब्दप्रयोग आपल्या परिपत्रात वापरला, मात्र या रचना माणसांच्या कृत्यांनीच घडतात ही अट घालून. या दोन टोकांमधली ओढाताण अजून चालू आहे आणि ती चालू राहावी.

युद्धानंतर, ऑक्टोबर १९४५ मध्ये, जर्मन प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी स्टुटगार्टमध्ये ‘आम्ही’ म्हणून दोषाची कबुली दिली. त्यात मार्टिन नीमोलर होते. हिटलरच्या छळछावण्यांत वर्षे काढलेला माणूस ‘आम्ही’ म्हणत होता. पण त्या निवेदनात यहुद्यांचे नाव नाही, आणि ही उणीव पुढे त्याच्या कायम आड येत राहिली. कुणाविरुद्ध पाप केले हे न सांगता दिलेल्या कबुलीला किती किंमत द्यायची?

याच प्रश्नाची भारतीय बाजू अधिक टोकदार आहे. बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये जे व्याख्यान दिले, तिथून दलित ईश्वरविद्येची सुरुवात सांगतात. कोरियातील मिंजुंग विचारवंतांप्रमाणे या प्रवाहानेही पाप ज्याच्यावर घडले त्याच्या जागेवरून पाहायला सांगितले. सर्वांनी मिळून ‘आम्ही पापी’ म्हणायचे, तर ज्याला विहिरीवर चढू दिले नाही त्यानेही म्हणायचे का? माझे उत्तर नाही असे आहे. कबुलीतल्या ‘आम्ही’त कोणी सामील व्हायचे, हे मोजूनच ठरवावे लागते.

मराठीत हा विषय अगदीच नवा नाही. गोव्यात राहून थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त आदामाच्या पतनाची कथा ओवीबद्ध झालेली आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ पासून अहमदनगरात रुजले, आणि महार-मांग वस्त्यांतून मंडळ्या उभ्या राहिल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या जागृतीत पापकबुलीची लाट उसळली. तीही बव्हंशी एकेकीच्या अंतःकरणाची होती. पण तिथल्या पंडिता रमाबाईंनी त्याआधीच, १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात, उच्चवर्णीय विधवेच्या हालांचा जाब साऱ्या रूढीला विचारला होता. नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ भरवू लागले, त्यामागेही मंडळीच्या रचनेविषयीचे असमाधान होते. ही बीजे होती, शेत काही उभे राहिले नाही. मंडळीत जात उरली आहे की नाही, हे आजही उपदेशातून कळत नाही. स्थळाची चौकशी सुरू झाली की कळते.

आता त्या धडकीकडे वळू. समुदायाला पापी ठरवण्याची ही भाषा ख्रिस्ती जगाने सर्वांत क्रूरपणे वापरली ती यहुद्यांविरुद्ध. येशूच्या मृत्यूचा दोष एका सबंध लोकसमूहावर, पिढ्यान्‌पिढ्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तो अधिकृतपणे नाकारला, तोवर फार रक्त सांडून गेले होते. आपल्या दाराशीही उदाहरण आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने सबंध जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि १९५२ मध्ये तो रद्द होईपर्यंत कित्येक कुटुंबांना काटेरी कुंपणाच्या वसाहतींत राहावे लागले. यांतल्या काही वसाहती साल्वेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालवल्या, सुधारणेच्या हेतूने. पारधी वस्तीवर पोलिसांची आजही पडणारी नजर त्या कायद्याची वारस आहे. समुदायाच्या पापाविषयी बोलणाऱ्याने हा इतिहास खिशात ठेवूनच बोलावे.

मग आज हे पुस्तक कशासाठी? एक तर आपल्या काळातली मोठी पापे नाबोथाच्या मळ्यासारखी घडतात, सह्या आणि शिक्के बिनचूक असतात. नदीत रसायन सोडणारा कुणी एक सापडत नाही. गटारात उतरवलेला माणूस गुदमरून मेला की ठेकेदार, उपठेकेदार, पालिका आणि कर भरणारे आपण, सगळेच प्रेतापासून थोड्या थोड्या अंतरावर असतो. दुसरे कारण मंडळीच्या आतले आहे. धर्मसेवकांकडून मुलांचे शोषण झाले आणि संस्थेने ते दडपले, ही प्रकरणे जगभर उघड झाली तेव्हा ‘काही वाईट माणसे’ हे उत्तर अपुरे पडले. दडपण्याचे काम चांगल्या माणसांनी केले होते.

संग्रहातले लेखक एका पंथाचे नाहीत. कॅथलिक आहेत, प्रॉटेस्टंट आहेत, आणि ख्रिस्ती नसलेलेही आहेत. शास्त्राचे संदर्भ मराठीत रूढ असलेल्या नावांनी दिले आहेत. ज्यांना बायबल नव्याने उघडायचे आहे त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ सोबतीला घेता येईल. पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. चर्चासत्रात निबंध वाचावेत तशी लेखांची मांडणी केलेली नाही. एकेका कथेला किंवा कायद्याला धरून ते विचार करतात, आणि काही जागी थांबून वाचकाशी भांडतातही. ‘प्रकटीकरण’मधील बाबेलच्या बाजाराविषयी, म्हणजे सोन्याने सुरू होऊन माणसांच्या विक्रीवर संपणाऱ्या मालाच्या त्या भयंकर यादीविषयी, अधिक मजकूर हवा होता असे मला वाटते. सृष्टीच्या कण्हण्याविषयीही.

एका प्रश्नावर मात्र हे लेखक एकमेकांशी सहमत नाहीत. कबुलीनंतर परतफेड किती आणि कोणाला? ‘गणना’च्या पाचव्या अध्यायातला नियम सांगतो, की अपराध्याने पूर्ण भरपाई करावी आणि वर एक पंचमांश द्यावा. ज्याचे नुकसान झाले तो हयात नसेल आणि त्याला जवळचा नातलगही नसेल, तर ती रक्कम परमेश्वराची म्हणून याजकाकडे जावी. एका लेखकाला यात पिढ्यांपूर्वीच्या अन्यायाची भरपाई आजही देय असल्याचा आधार दिसतो. दुसरा विचारतो, की याजकच अपराध्यांपैकी असेल तर पैसे ठेवायचे कुठे? संपादनात हा वाद मिटवलेला नाही. दोन्ही लेख लागोपाठ छापले आहेत.